बर्फासाठी कधी जावं: ख्रिसमस, जानेवारी की फेब्रुवारीचा शेवट?

रानवाट
मंडळी, या हिवाळ्यात बर्फ बघायला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, सासूबाई (गुडघे कुरकुरतात) आणि आठ वर्षांचा मुलगा. मुलाची एकच अट: बर्फ पडताना दिसला पाहिजे, नुसता पडलेला चालणार नाही. सुट्टी ख्रिसमसची मिळतेय, पण फेब्रुवारीतही पाच-सहा दिवस जुळवता येतील. मनाली, गुलमर्ग आणि औली ही तीन नावं डोक्यात आहेत. एका टूरवाल्याने "२५ डिसेंबरला मनालीत हमखास बर्फ" असं छातीठोक सांगितलं. दुसरा म्हणतो, फेब्रुवारीशिवाय जाऊच नका. नेटवर बघावं तर "नोव्हेंबर ते मार्च" लिहिलंय, म्हणजे जवळजवळ अर्धं वर्षच झालं की! जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खारूताई
वाचतेय. आमच्या घरातही हाच घोळ चालू आहे.

आळशी प्रवासी
हमखास म्हणणाऱ्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या.

ढगवाचक
रानवाटताई, महिन्याचा प्रश्न जरा बाजूला ठेवू. मोसमी पाऊस एकदा आला की चार महिने मुक्काम ठोकतो, म्हणून बर्फाचंही तसंच असेल असं आपण धरून चालतो. पश्चिम हिमालयात बर्फ हप्त्याहप्त्याने येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार होणाऱ्या हवेच्या प्रणाली वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत पूर्वेला सरकतात, वाटेत बाष्प मिळवतात आणि काश्मीर-हिमाचल-उत्तराखंडच्या डोंगरांवर चढताना ते रिकामं करतात. बातम्यांत ज्याला वेस्टर्न डिस्टर्बन्स किंवा पश्चिमी झंझावात म्हणतात ते हेच. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सात येतात, पण त्यातले बरेचसे ढग दाखवून निघून जातात. दणकून बर्फ देणारे मोजकेच.

एका झंझावाताचा क्रम नीट समजून घ्या, सगळं नियोजन त्यावरच आहे. आधी आकाशात वर तंतूंसारखे पातळ ढग दिसतात, रात्री चंद्राला खळं पडतं. त्या रात्री थंडी कमी वाटते, कारण ढगांमुळे जमिनीची उष्णता निसटत नाही. नवख्या माणसाला वाटतं, हवा सुधारली! मग ढग खाली येतात आणि एक-दोन दिवस बर्फ किंवा पाऊस. झंझावात पुढे सरकला की आकाश लख्ख निळं होतं, उत्तरेकडून कोरडा वारा सुटतो आणि पारा धाडकन खाली येतो. फोटोत दिसतो तो चमचमता बर्फ या दिवसांतला असतो.

म्हणजे तुमच्या मुलाला हवाय तो दिवस वेगळा आणि सासूबाईंना उन्हात खुर्ची टाकून बसता येईल तो दिवस वेगळा. दोन्ही हवे असतील तर सहलीत एक झंझावात आणि त्यानंतरचे दोन दिवस सापडले पाहिजेत. तीन रात्रींच्या पॅकेजमध्ये हे नशिबावर सोडावं लागतं.

आता महिने. डिसेंबरात जोरकस झंझावात कमी असतात. पडलेला बर्फ गावाच्या उंचीवर टिकेल असंही नसतं, कारण जमीन अजून पुरती गार झालेली नसते. जानेवारीत थंडी भरात असते, त्यामुळे पडेल ते खालपर्यंत बर्फ म्हणूनच पडतं आणि टिकतं. फेब्रुवारी-मार्चमधले झंझावात बाष्पाने जड. श्रीनगरला वर्षातला सर्वांत जास्त वर्षाव मार्चमध्ये होतो, पण शहरात तोवर बराचसा पाऊस झालेला असतो. बर्फ हवा तर वर चढायचं. मला विचाराल तर १५ जानेवारी ते २५ फेब्रुवारी हा पट्टा सगळ्यात भरवशाचा. ख्रिसमस म्हणजे मटका.

खारूताई
खळं पडलं की पाऊस लांब नाही, असं आजी म्हणायची. तिथेही तेच दिसतंय की!

हिमकण
ढगवाचक यांनी वेळेचं सांगितलं, मी उंचीचं सांगतो. माझ्या मते तारखेपेक्षा तेच महत्त्वाचं.

हजार मीटर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. मनाली गाव साधारण २,०५० मीटरवर, शिमला २,२०० च्या आसपास, पहलगामही तेवढंच. श्रीनगर तर १,६०० च्याही जरा खाली. गुलमर्ग २,६५०, सोनमर्ग त्याहून थोडं वर. औली २,५०० पासून ३,००० पर्यंत उतारावर पसरलेलं. मनालीच्या पुढच्या अटल बोगद्याची तोंडं ३,००० च्या वर.

समजा झंझावात आलाय आणि मनाली गावात पारा ४ अंशांवर आहे. गावात पाऊस पडतोय, लोक हॉटेलच्या खिडकीतून हळहळतायत, आणि सोलंगच्या वर तोच पाऊस बर्फ म्हणून पडतोय. अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, चढ पाचशे मीटर. टूरवाला ज्याला "मनालीत बर्फ" म्हणतो तो बऱ्याचदा हाच असतो. त्याचं खोटं नसतं, पण तुम्ही बाल्कनीतून बघायच्या आशेवर असाल तर फसाल.

म्हणून मी माणसाला आधी विचारतो, मुक्काम किती मीटरवर आहे? डिसेंबरात जायचंच असेल तर २,५०० च्या वर झोपायची सोय बघा. फेब्रुवारीत २,००० वरही चान्स चांगला.

आणि एक. थंडी जास्त म्हणजे बर्फ जास्त, हे डोक्यातून काढा. फार गार हवेत बाष्प मावतच नाही. मोठमोठे पुंजके पडतात ते पारा शून्याच्या आसपास घुटमळत असताना. लेहला जानेवारीत रात्री उणे १५ होतात, पण पर्वतांच्या आडोशाला असल्यामुळे तिथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. लेहला हिवाळ्यात जाऊन "बर्फ कुठाय?" विचारणारे मी पाहिलेत.

चकवा
सगळं बरोबर, पण पुस्तकी वाटतंय. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे फोटो बघितले नव्हतेत का? ऐन जानेवारीत पिवळं गवत. तुमच्या "भरवशाच्या" पट्ट्यात लोक तपकिरी उतारावर घोड्यावर बसून परत आले. पुढच्या वर्षी तर बर्फ कमी म्हणून गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलल्या. मग कसला पट्टा आणि कसला भरवसा?

ढगवाचक
चकवा, मुद्दा रास्त आहे. पण दोन्ही गोष्टींचा शेवटही सांगा ना. २०२४ मध्ये महिना संपता संपता झंझावात आले आणि फेब्रुवारीत गुलमर्ग पांढरंशुभ्र होतं, त्या वर्षीच्या स्पर्धा तिथेच पार पडल्या. २०२५ च्याही पुढे ढकललेल्या स्पर्धा मार्चमध्ये झाल्या, कारण फेब्रुवारी सरता सरता दणका बसला. इतका, की २८ फेब्रुवारीला उत्तराखंडात माणा गावाजवळ हिमस्खलन होऊन रस्त्याच्या कामावरचे ८ मजूर गेले. उशीर होतोय हे मान्य. म्हणून तर मी ख्रिसमसपेक्षा फेब्रुवारी म्हणतोय.

काश्मिरी लोकांचं हिवाळ्याचं गणित बघा. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. हे थंडीचं कॅलेंडर आहे, बर्फाचं नाही. २०२४ च्याच डिसेंबरात चिल्लई कलान लागता लागता श्रीनगरचा पारा उणे ८.५ पर्यंत गेला, आणि आकाश निरभ्र! आठवड्याभराने झंझावात आला तेव्हा मात्र इतका बर्फ पडला की श्रीनगरची विमानं रद्द झाली. कडाक्याची थंडी वाचून बॅगा भरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

चकवा
आणि एल निनो, ला निना? यंदा ला निना म्हणून विक्रमी बर्फ, अशा बातम्या दर ऑक्टोबरला येतात.

ढगवाचक
वाचा आणि सोडून द्या. प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गरम झालं की एल निनो, गार झालं की ला निना. त्याचा परिणाम हिमालयातल्या हिवाळ्यावर होतो, पण तो अख्ख्या मोसमाच्या सरासरीत दिसतो. एल निनोच्या हिवाळ्यात पश्चिम हिमालयात वर्षाव सरासरीपेक्षा थोडा जास्त असण्याकडे कल असतो म्हणतात, आणि २०२३-२४ चा तो कोरडा जानेवारी नेमका एल निनोतलाच. पाच दिवसांच्या सहलीला या माहितीचा उपयोग शून्य.

गियरबदल
रस्त्याचं कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. बर्फ पडताना बघायचाय म्हणजे बर्फ पडताना तुम्ही रस्त्यावर असण्याची शक्यता आली.

२०२४ मध्ये ख्रिसमसच्या तोंडावर सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात हजारभर गाड्या अडकल्या होत्या. सकाळी ऊन बघून सगळे बोगद्यापलीकडे सिस्सूला गेले, दुपारनंतर बर्फ सुरू झाला आणि सगळे एकदमच परत निघाले. चढावर एक गाडी आडवी झाली की मागची रांग संपलीच. म्हणून नियम: झंझावाताचा इशारा असेल त्या दिवशी बोगदा ओलांडायचा नाही, आणि वर असाल तर पहिले कण पडताच खाली सुटायचं. रील नंतर. बर्फ असताना पोलीस मनालीजवळच्या नेहरूकुंडाच्या पुढे साध्या गाड्या सोडत नाहीत, फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्याच जातात. तिथे हुज्जत घालू नका, ते तुमच्याच भल्याचं आहे.

पण खरा दगा पडणाऱ्या बर्फात नाही, दुसऱ्या दिवशीच्या सकाळी आहे. दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावर पसरतं, निरभ्र रात्रीत गोठतं आणि डांबरावर काचेसारखा पारदर्शक थर बसतो. ब्लॅक आइस. देवदारांच्या सावलीतल्या वळणांवर आणि पुलांवर तो दहा-अकरा वाजेपर्यंत हटत नाही. ओळखायचा कसा? रस्ता ओला चकचकीत दिसतोय आणि पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी मात्र उडत नाहीये, तर तो ओला नाही, गोठलेला आहे. स्टीअरिंग अचानक हलकं लागतं तेही त्याचंच लक्षण. ब्रेकवर पाय द्यायचा नाही, खालच्या गियरमध्ये रांगत जायचं. त्यापेक्षा सोपं म्हणजे मैदानातून आलेल्या ड्रायव्हरऐवजी तिथला स्थानिक ड्रायव्हर घ्या आणि सकाळी नऊच्या आत निघूच नका.

अडकलातच तर इंजिन आणि हीटर चालू ठेवून काचा बंद करून झोपू नका. पाकिस्तानात मरी इथे जानेवारी २०२२ मध्ये बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून जास्त माणसं गेली, त्यातल्या अनेकांच्या बाबतीत कार्बन मोनॉक्साइडचा संशय होता. धुराड्याभोवती (सायलेन्सरच्या नळीभोवती) बर्फ साचला की धूर आत येतो, त्यातल्या या वायूला वास येत नाही, कळत नाही. इंजिन चालवायचंच तर आधी उतरून धुराड्यापुढचा बर्फ उकरा, काच बोटभर उघडी ठेवा आणि थोडा वेळ चालवून बंद करा.

रानवाट
बापरे. हे टूरवाले सांगत नाहीत. गियरबदलदादा, धन्यवाद.

आळशी प्रवासी
मी आता फ्रीज उघडून बसणार आहे.

सोनचाफा
सिक्कीमचा विचार केलात का? लाचुंग-युमथांगला जानेवारी ते मार्च बर्फ असतो, नाथुला तर ४,३०० मीटरवर. मात्र परवाना लागतो आणि रस्ता बंद असेल तर परवानाच मिळत नाही, मग गंगटोकमध्ये मोमो खात बसायचं. वसंत ऋतू म्हणून गाफील राहू नका. ४ एप्रिल २०२३ ला नाथुलाच्या रस्त्यावर हिमस्खलनात ७ पर्यटक गेले.

हिमकण
सोनचाफा, सिक्कीम सुंदरच, पण सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा असताना एकदम ४,३०० ला नेऊ नये. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० च्या वर कधीही सुरू होऊ शकतो.

डोंगरवेडा
अंदाज कसा बघायचा त्याबद्दल थोडं. फोनमधलं जे आपसूक हवामान असतं ते डोंगरात बघू नका. हवामानाची प्रारूपं जमिनीचे चौकोन पाडून हिशोब करतात, चांगल्यातल्या चांगल्या जागतिक प्रारूपाचा चौकोनही काही किलोमीटरचा. त्या एका चौकोनात दरीही आली आणि शिखरही, म्हणजे तुम्हाला दिसतो तो आकडा दोघांच्या मधल्याच कुठल्यातरी उंचीचा. विंडी या हवामानाच्या ॲपवर निवडलेल्या बिंदूची उंची आणि गोठणपातळी (ज्या उंचीवर पारा शून्यावर येतो ती) दोन्ही दिसतात, ते बघायची सवय लावा. गोठणपातळी २,२०० मीटर असेल तर बर्फ साधारण दोन-तीनशे मीटर खालपर्यंत येऊ शकतो, कारण पुंजके वितळायला थोडा वेळ लागतो. आणि १ मिलिमीटर पाणी म्हणजे ढोबळमानाने १ सेंटिमीटर बर्फ. अंदाजात २० मिलिमीटर आणि पारा शून्याखाली दिसला तर घोट्याच्या वर बर्फ समजा.

हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यातून पुढचा आठवडा ओला की कोरडा एवढं कळतं. दिवस ठरवायचा तो चार-पाच दिवस आधी. विभागाच्या श्रीनगर आणि शिमला केंद्रांची जिल्हावार रंगीत इशाऱ्यांची पत्रकं असतात: पिवळा असेल तर नजर ठेवा, नारिंगी असेल तर मुक्काम हलवू नका, लाल असेल तर खोलीतच थांबा.

औलीबद्दल: जागा देखणी आहे, पण पश्चिमी झंझावात पूर्वेला जाता जाता बरेच क्षीण होतात, त्यामुळे उत्तराखंडात दोन मोठ्या हिमवर्षावांमधलं अंतर जास्त पडू शकतं. शिवाय औलीच्या पायथ्याच्या जोशीमठपर्यंतचा लांबलचक रस्ता. पहिल्यांदाच जाताय आणि गुडघ्यांचा प्रश्न आहे तर औली यादीतून काढा.

रानवाट
वाचनखूण साठवली. सगळ्यांचं वाचून असं ठरतंय: फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, गुलमर्ग, सहा दिवस. दोन शंका. विमान दिल्लीवरून बदलून घ्यायचं का? आणि सासूबाईंना गोंडोलात (गुलमर्गच्या केबलकारमध्ये) न्यावं का?

ढगवाचक
दिल्लीचं धुकं डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत सगळ्यात वाईट, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पुष्कळ निवळतं. तरी पहाटेचं विमान टाळा, दुपारचं घ्या, आणि दोन विमानांत ऐसपैस अंतर ठेवा. गंमत म्हणजे झंझावाताने पंजाब-दिल्लीकडे पाऊस टाकला की जमीन ओली होते, मग वारा पडून आकाश मोकळं झालं की त्याच रात्री धुकं दाटतं. म्हणजे वर तुमचा बर्फ पडून गेला की परतीचं विमान अडकायची वेळ आलीच. परतीला एक मोकळा दिवस हवाच, आणि तो श्रीनगरमध्येच ठेवा. गुलमर्ग-तंगमर्गचा घाट बर्फात बंद झाला तर तुम्ही आदल्या दिवशीच खाली उतरलेले असायला हवेत.

सहा दिवसांत पहिली रात्र श्रीनगरला, मग गुलमर्गला तीन रात्री, शेवटची पुन्हा श्रीनगरला. पण अंदाज बघून क्रम फिरवता येईल अशी हॉटेलं घ्या. दोन्हीकडे एकाच मालकाचं हॉटेल असेल तर ते सहसा ऐकतात. झंझावात आला तर तो यायच्या आदल्या दिवशी गुलमर्गला पोचलेलं असायचं. मुलाला खिडकीतून पडताना दिसेल आणि रस्त्यावर कोणी अडकणार नाही.

खारूताई
आणि झंझावात आलाच नाही तर?

ढगवाचक
तर पडताना दिसणार नाही, पडलेला दिसेल. फेब्रुवारीच्या मध्यावर २,६५० मीटरवर जमिनीवर बर्फ नसणं विरळा, आणि गोंडोलाच्या पहिल्या टप्प्यावर, म्हणजे ३,००० च्या वर, आणखी विरळा. मुलाला आधीच कल्पना देऊन ठेवा.

हिमकण
सासूबाईंना पहिल्या टप्प्यापर्यंत न्यायला हरकत नसावी, रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारून. दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळजवळ ४,००० मीटरला सोडतो, काही मिनिटांत एवढी उंची. तो तुम्ही दोघांनी आळीपाळीने करा. काळा चष्मा सगळ्यांना हवा, मुलालाही. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, ढगाळ दिवशीही डोळे जळजळतात. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा, कारण ऊन खालून येतं.

आळशी प्रवासी
एवढं सगळं करून तिथे पोचलो आणि गोंडोलाच बंद असेल तर?

हिमकण
असतो कधीकधी. जोराचा वारा किंवा हिमस्खलनाचा धोका असेल तर आधी दुसरा टप्पा बंद करतात, पहिला बऱ्याचदा चालू असतो. दोन्हींची तिकिटं वेगळी आणि ऑनलाइन. झंझावात सरल्यावरच्या पहिल्या सकाळी वर वारा असतो, शिवाय उतार तपासून मोकळे करायचे असतात, म्हणून दुसऱ्या टप्प्याचं तिकीट त्या दिवसाचं काढू नका, त्याच्या पुढच्या दिवसाचं काढा.